दुसऱ्या रांगेतली बाई

गोपाळकाकांनी कच्च्या छपाईचा कागद तिच्या टेबलावर पसरला, वाऱ्यानं उडू नये म्हणून कोपऱ्यावर पाण्याचा पेला ठेवला आणि म्हणाले, "पाह्य, नावंगावं बरोबर आहे काय. मंग छापून झाल्यावर म्हनशीन, काकानं घोळ केला." कौसल्येनं चष्मा लावून पाहिलं. नाव बरोबर होतं. कै. सौ. रुख्माबाई नत्थूजी सोनकुसरे. माहेर उमरेड, तेही बरोबर होतं. नावाच्या वर छापलेला चेहरा मात्र रुख्माबाईचा नव्हता. तो कौसल्येचा होता.

ही गोष्ट तिला काही आज कळली नव्हती. आई गेली तेव्हा घरात तिचा एकही फोटो नव्हता, आणि तेराव्यानंतर बाबांनी कौसल्येला आईचं लुगडं नेसवून स्टुडिओत नेलं होतं. फोटोवाल्यानं काच खरवडून तिला पोक्त केलं आणि ती तसबीर आईची म्हणून भिंतीवर लागली. हे ठाऊक असलेली माणसं तीन: बाबा, फोटोवाला आणि ती. फोटोवाला गेला, मग बाबा गेले. उरली ती एकटी, आणि एकट्या माणसाला ठाऊक असलेली गोष्ट हळूहळू गोष्ट राहत नाही, सवय होते. भिंतीवरच्या फोटोला कोणी नाव विचारत नाही. आज पहिल्यांदा त्या चेहऱ्याखाली नाव आलं होतं. छपाईच्या शिशाच्या खिळ्यांचा दाब कागदाच्या पाठीवर उठला होता. तिनं पान उलटून त्यावरून बोट फिरवलं, तर आईचं नाव उलटं बोटाला लागलं.

"हुबेहूब मायवर गेली वं तू," काका एकदा कागदाकडे, एकदा तिच्याकडे बघत म्हणाले. "लहानपनी नव्हतं वाटत. आता वय झालं तसं उतरून राहिलं."

गोपाळकाका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. शाळेत कारकून होते, ते निवृत्त झाल्यापासून सोनकुसऱ्यांच्या कुळाच्या मागे लागले होते. पहिला पुरुष हातमाग उचलून नागपुरात कुठून आला, तिथपासून ते आज बँकेत आणि वीजघरात लागलेल्या नातवांपर्यंत सगळं एका पुस्तकात यावं, आणि त्यात फोटो असावेत, हा त्यांचा ध्यास. गोळीबार चौकापासून उमरेडपर्यंत घरोघर जाऊन ते भिंतीवरचे फोटो उतरवून आणत, छपाईसाठी त्यांचे ब्लॉक करून घेत आणि बहुतेक वेळा परतही करत. तिनं पानाच्या वरच्या भागाकडे बघितलं. तिथे पागोट्यातला, गलमिशांचा एक गृहस्थ होता. "धोंडबा आजांचा फोटो कुठे मिळाला?" तिनं विचारलं. "मिळते कुठचा? पेंटरकडून अंदाजानं काढून घेतला. मिशा तं त्या जमान्यात साऱ्यांनाच राहत," काका म्हणाले, आणि दोघंही हसली. हसता हसता तिला वाटलं, आत्ता सांगावं. काका, हाही अंदाजच आहे. पण काका तोवर पुढच्या ओळीवर आले होते. नत्थूजींच्या नावाखाली मुलगा जागेश्वर, त्याचा आणि सुनेचा जोडीनं काढलेला फोटो. त्याच्या वर बारीक टायपात, कन्या कौसल्या. "पोरींचे फोटो त्यांच्या सासरच्या पुस्तकात जाते, तसा नेमच ठेवला," काका जरा घाईनं म्हणाले. "तुह्या बाबतीत थोडं अडलं. पन एम. एस्सी. ठळक टाकाले सांगतलं मी. पाह्य, दिसते ना ठळक?" दिसत होतं. अविवाहित हा शब्द मात्र ठळक नव्हता, एवढी काळजी काकांनी घेतली होती.

जाताना त्यांनी पिशवीतून एक जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो काढला. उमरेडच्या बायजामावशीनं पाठवलेला, तिच्या लग्नातला. "यात तुही माय आहे म्हनते. म्या पाह्यलं, पन मले साऱ्या सारख्याच दिसल्या. तू खाली नावं लिहून दे. बुधवारी पानांचा फर्मा छपाईच्या मशीनवर चढते, मंग देव आला तरी बदल नाई." जिन्यावरून त्यांच्या काठीचा आवाज खाली जात राहिला. धंतोलीतल्या त्या खोलीत रविवारी दुपारी यायला दुसरं कोणी नव्हतं, आणि गेल्यावर खोली आधीपेक्षा मोठी वाटेल असंही सहसा कोणी येत नसे.

कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ती मुलांना सांगायची, आधी नुसत्या डोळ्यांनी बघा, मग भिंगानं. आपला नियम तिनं पाळला. पुढच्या रांगेत खुर्च्यांवर पुरुष, मांडीवर हात ठेवून बसलेले. मध्ये नवरा-नवरी. मागच्या, दुसऱ्या रांगेत बायका उभ्या. पदर डोक्यावर, ऊन समोरून येत असावं, कारण सगळ्यांच्याच कपाळावर आठ्या होत्या. नुसत्या डोळ्यांनी आई दिसली नाही. तिनं टेबलाच्या खणातून भिंग काढलं आणि डावीकडून सुरुवात केली. लांब चेहऱ्याची, नाकात मोठी नथ असलेली. ही नव्हे. दुसरी तरुण, ओठ घट्ट मिटलेले. हिच्यापाशी भिंग थोडं थांबलं, मग पुढे सरकलं. तिसरी ठेंगणी, रुंद जबड्याची, पदराचं टोक ओठांवर धरलेली, डोळे इतके बारीक केलेले की मिटल्यासारखे. ही तर नव्हेच. चौथी. पाचवीनं ऐन वेळी मान हलवली होती, तिच्या जागी नुसता धूसर डाग. उजव्या टोकाला पोचल्यावर ती परत डावीकडे आली. पुन्हा गेली. मग तिच्या ध्यानात आलं की ती आईला शोधत नव्हती. भिंगाखाली ती शोधत होती तो चेहरा भिंतीवरचा होता. स्वतःचा.

तिनं भिंग ठेवून दिलं. बाहेर कोणाच्या तरी रेडिओवर कामगारांचा कार्यक्रम चालू होता. डोळे मिटून आईला बोलवावं म्हणून तिनं डोळे मिटले. प्रयोग सोपा होता. एकोणीस वर्षं जिच्या घरात काढली तिचा चेहरा आठवायचा. आधी आला तो लुगड्याचा वास, खळीचा, आंबूस आणि उबदार. मग चरख्याची घरघर. बाबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले, धोटा इकडून तिकडे जातो आहे, आणि आई दाराशी बसून सुताच्या कांड्या भरते आहे. कंदील दोघींत एक, म्हणून कौसल्या पुस्तक घेऊन आईच्या डाव्या अंगाला बसलेली. तिथून दिसायचा तो कान. बुगडी घालून घालून वरच्या बाजूला ओघळलेला कान, त्याच्या मागे सुताची पांढरी कुसं अडकलेले केस, त्याखाली मानेवर घामानं चिकटलेला काळा पोतीचा दोरा. हे सगळं इतकं स्वच्छ दिसत होतं की तिला कानाच्या पाळीचं चित्र काढता आलं असतं. मग ती मनातल्या मनात म्हणाली, माय, इकडे पाह्य. चरखा थांबला. मान वळली. आणि वळलेल्या मानेवर तिचा स्वतःचा, फोटोवाल्यानं पोक्त केलेला चेहरा होता.

तो फोटो काढला त्या दिवशी ऊन होतं. इतवारीतल्या त्या स्टुडिओत पडद्यावर एक तळं आणि राजवाडा रंगवलेला होता. फोटोवाल्या गिरिधरनं तो गुंडाळून वर केला आणि मागे साधी काळी चादर लावली. "दुःखाच्या फोटोले तळं बरं नाई दिसत," तो म्हणाला. कौसल्येचा इंटर सायन्सचा अभ्यास चालू होता. लुगड्यावर तिची वेणी चुकीची दिसत होती म्हणून शेजारच्या दुकानातल्या बाईनं तिचा अंबाडा घातला, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलं, नथ कोणाची तरी आणली. गिरिधर काळ्या कापडाखाली गेला, बाहेर आला. तिला हसू फुटत होतं; भीतीनं फुटतं तसलं. "हसू नको वं पोरी," तो म्हणाला. "मेलेले मानसं फोटोत हसत नाई." बाबा दाराकडे तोंड करून उभे होते. ते वळलेच नाहीत. घरी धाकटा भाऊ जागू, तीन वर्षांचा, "माय दाखव, माय दाखव" करत दिवसभर रडायचा आणि रात्री रडता रडता झोपायचा. त्याच्यासाठीच हे सगळं होतं, एवढं बाबा एकदा म्हणाले, तेही परतताना, सायकलरिक्षात, समोरच्या रस्त्याला सांगितल्यासारखं.

पुढे एम. एस्सी.ला असताना तिनं कॉलेजच्या डार्करूममध्ये काम केलं, तेव्हा तिला कळलं गिरिधरनं काय काय केलं होतं. काचेच्या निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. काळ्या केसांत पांढरे आणायचे तर तिथे शिसपेन्सिल चालवायची, आणि गोऱ्या गालावर सुरकुती आणायची तर बारीक चाकूनं काच खरवडायची. चाकू हलक्या हाताचा होता. नाकाच्या दोन्ही बाजूंनी तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत दोन रेघा, डोळ्यांखाली पिशव्या, कानशिलावर पांढरं. आईला कधीही न पाहिलेल्या त्या माणसानं, आई वारली त्या वयाची कौसल्या कशी दिसेल, एवढंच सांगितलं होतं. कौसल्येनं ते वय चार वर्षांपूर्वी ओलांडलं. त्या वाढदिवशी, जो कोणाच्या लक्षात नव्हता, ती आरशापुढे उभी राहून मोजल्यासारखं बघत राहिली होती. रेघा आल्या होत्या, सांगितल्या जागी. डोळ्यांखालच्या पिशव्या आल्या नव्हत्या. पांढरं कानशिलावर न येता भांगात आलं होतं. भाकीत बरंचसं खरं ठरलं, असं कोणत्याही प्रयोगाच्या वहीत लिहिता आलं असतं. काका म्हणतात ते उतरणं हे होतं. ती आईसारखी नव्हे, फोटोसारखी दिसायला लागली होती.

प्रयोगशाळेच्या कपाटात वाळवून चिकटवलेल्या झाडांचे कागद होते. त्यातल्या एखाद्यावर पूर्वी कोणी चुकीचं नाव लिहिलेलं असलं तर ते खोडायचं नाही, फाडायचं नाही. शेजारी नवी चिठ्ठी लावून आपलं नाव आणि तारीख टाकायची, असा दंडक. तिनं तशा कितीतरी चिठ्ठ्या लावल्या होत्या, स्वच्छ अक्षरात, कोणाला काही न दुखवता. पण पानाला भाऊ नसतो. जागू त्याच्या घरच्या तसबिरीकडे बघतो तसं पानाकडे रोज सकाळी कामावर जाण्याआधी कोणी हात जोडून बघत नाही. ती रात्रीची पोळी करायला उठली, एका माणसापुरती कणीक भिजवली, आणि ती भिजवताना ठरलं की उद्या रजा टाकायची आणि उमरेडला जायचं.

बसमध्ये तिनं पुठ्ठा छातीशी धरला होता. बायजामावशी ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. तिच्या घरातले माग केव्हाच विकले गेले होते, मुलं कोळशाच्या खाणीवर लागली होती, पण ओट्यावर बसताना मावशी अजूनही पाय खड्ड्यात सोडल्यासारखे दुमडून बसायची. "कौसे! अवं, वाट चुकली काय?" ती ओरडली. "कागद धाडते, पन पाय नाई धाडत. वाळली किती! कॉलेजात उपाशी ठेवते काय तुले?" कौसल्येनं पुठ्ठा तिच्या मांडीवर ठेवला. "मावशे, यात माय कोन्ती?" असं विचारताना तिचा आवाज परीक्षेत उत्तर न येणाऱ्या मुलीसारखा झाला. मावशीनं सुपातले हात झटकले, चष्मा न लावता पुठ्ठा दूर धरला आणि क्षणही न लावता एका जागी बोट टेकवलं. तिसरी. ठेंगणी, रुंद जबड्याची, डोळे मिटल्यासारखी.

"हे?"

"हे नाई तं कोन? तुले नाई ओळखू आली? अवं, तिले उन्हात पाह्यताच नव्हतं येत. फोटोवाला ओरडून राहिला, बाई डोये उघडा, डोये उघडा. अन् हे हासून राहिली. पाह्य ना, तोंडावर पदर धरला ते हासू लपवाले धरला. बेज्या, खूपच हासे माही बहीन. तिच्यापायी माह्या लग्नात मीच मार खाल्ला असता." मावशी स्वतःच हसायला लागली, मग थांबली. तिनं कौसल्येच्या हनुवटीला बोट लावून चेहरा उजेडाकडे वळवला. "तू तं पुरी बापावर गेली. माह्या बहिनीचं काईच नाई घेतलं तुनं."

 मग तांदळात परत बोटं फिरवत मावशीनं विचारलं, "तो फोटो अजून लावून आहे काय जागू?" कौसल्येनं झटकन वर बघितलं. "मी तेव्हाच ओळखला होता," मावशी म्हणाली. "महिन्यानं आली होती ना मी. दारातूनच पाह्यला अन् नत्थूजीले म्हटलं, भाऊजी, हे काय करून ठेवलं? तं म्हने, बायजाबाई, पोरगं रडते. मंग मी काय बोलू? मी बी गप्प राह्यली." खडे वेगळे काढून ती ओट्याखाली टाकत राहिली. "पन कौसे, माही बहीन जल्मात एकडाव फोटोत उभी राह्यली. अन् आता तुमचं पुस्तक निघून राहिलं, त्यात बी ते नसन तं मंग ते होती कुठं?"  मावशीनं तिला जेवायला वाढलं आणि वांग्याच्या भाजीवरून, तिखट कमी झाल्यावरून सुनेला ऐकवत राहिली, आणि त्या घरातल्या गलक्यात कौसल्येला आपण परक्या गावात उतरल्यासारखं वाटलं.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. तिनं भिंग बरोबर आणलं होतं. ती त्या बाईकडे बघत राहिली. आता नाव सापडलं होतं. आता काहीतरी आतून उठायला हवं होतं. हरवलेलं मूल सापडतं तेव्हा आई धावत येते, तसं काही. बस खड्ड्यातून गेली की भिंगातली बाई मोठी व्हायची, लहान व्हायची. कान पदराखाली होता. ज्या एकाच खुणेनं तिला आई पटली असती ती खूण पदराखाली झाकलेली होती. ती बाई हसत होती, हे मावशीनं सांगितल्यावर कळत होतं. पण कौसल्येला आई हसलेली आठवत नव्हती. मृत माणसं फोटोत हसत नाहीत, हे गिरिधरनं सांगितलं तेव्हापासून घरात कोणीच आईला हसू दिलं नव्हतं. तिला दुःख झालं नाही. दुःख व्हावं अशी वाट बघत ती बसली होती, आणि शेजारच्या बाईच्या मांडीवरची कोंबडी मधूनमधून पंख फडफडवत होती. ओळख पटणं ही आपल्या हातातली गोष्ट नाही, असं तिला प्रथमच कळलं. दाखवून दिलं तरी ती पटत नाही. तिसरी बाई तिची आई होती, हे आता तिला ठाऊक होतं, जसं पृथ्वीचं वजन ठाऊक असतं. आणि तरी, किंवा म्हणूनच, त्या बाईला आता जगात दुसरं कोणी नव्हतं. मावशी आज आहे. मावशीनंतर ज्याच्याजवळ तिची खूण आहे असं एकच माणूस, कौसल्या स्वतः, आणि तिलाही तो चेहरा आठवत नाही.

मंगळवारी कॉलेज सुटल्यावर ती खापरखेड्याला गेली. जागेश्वर वीजघरात ऑपरेटर होता. वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये यंत्रांची घरघर दिवसरात्र जमिनीतून येत राहायची आणि घरातल्या माणसांना ती ऐकूही यायची नाही. प्रेमिला, त्याची बायको, दारातच म्हणाली, "या ताई! आज कोन्या बाजूनं उगवला? थांबा, आधी हे सांगा, जेवून जानार की चहावर पळनार?" आणि उत्तराची वाट न बघता तिनं कणीक मळायला घेतली. जागेश्वर आंघोळ करून आला. तिला बघून हसला, मग सवयीनं भिंतीकडे वळला. तिथे ती होती. तसबिरीला चंदनाचा हार, काचेवर रोजच्या बोटानं लावलेलं कुंकू, ठिपक्यावर ठिपका बसून जाड झालेलं. त्यानं डोळे मिटून हात जोडले. सव्वा वर्षाच्या जयाला कडेवर घेऊन तिचेही हात जुळवले. "आजीले जय कर. जय." पोरीनं हात जुळवले, मग तसबिरीकडे बघितलं, मग कौसल्येकडे, मग पुन्हा तसबिरीकडे. तिला गंमत वाटली असावी. ती खुदकन हसली आणि कौसल्येकडे झेपावली.

कौसल्येनं तिला घेतलं. मुलाला अंगाशी धरल्याचा तो भार तिच्या हातांना ओळखीचा होता. तीन वर्षांचा जागू तिच्या कमरेवर असाच बसायचा आणि ती एका हातात वही धरून पाठ करायची. रसायनांची सूत्रं त्यानं बोबडी म्हणून दाखवली की बाबा मागावरूनच हसायचे. भरवणारी ती, न्हाऊ घालणारी ती, शाळेच्या दारात उभी राहणारी ती. लग्नाची बोलणी आली आणि तो लहान आहे म्हणून पुढे गेली, मग तो लहान राहिला नाही तेव्हा येईनाशी झाली. तो हात जोडायचा तो ज्या चेहऱ्याला, त्याच चेहऱ्यानं त्याला वाढवलं होतं. एका अर्थी फोटो खोटा नव्हताच. पण त्यानं तो कधी मागं वळून ताडून पाहिला नाही. भिंतीवरची माय, आणि स्वयंपाकघरातली ताई. तिला वाटलं, एवढ्यावर थांबावं. पुठ्ठा पिशवीतून काढूच नये. काकांना सांगावं, एकही बाई ओळखू आली नाही. मग मावशीचं बोट तिला दिसलं, तिसऱ्या बाईवर टेकवलेलं.

"हा मावशीच्या लग्नातला," ती म्हणाली आणि पुठ्ठा त्याच्या हातात दिला. "यात माय आहे."

त्याचा चेहरा असा उजळला की तिला बघवेना. "खरंच? अजी, मले बी दाखवा," प्रेमिला पिठाच्या हातांनी धावत आली. दोघांची डोकी पुठ्ठ्यावर वाकली. "हे?" त्यानं दुसरीवर बोट ठेवलं, घट्ट ओठांच्या तरुण बाईवर. कौसल्येचं भिंग जिच्यापाशी थांबलं होतं तीच. "नाही. तिच्या शेजारची. मावशीनं दाखवली." तो बघत राहिला. मान वर करून भिंतीकडे बघितलं, परत खाली. "नाई वं ताई," तो अखेर म्हणाला, समजूत घातल्यासारखा. "मावशीचं वय झालं. चुकली असन ते. मायचा चेहरा मले पाठ आहे, मी रोज पाह्यतो तिले. हे कोनी दुसरीच बाई आहे."

"मावशी नाही चुकली, जागू."

"मंग तूच सांग. तुले तं आठवते ना माय? तू मोठी होती. हे वाटते काय तुले माय?"

तिला खोटं बोलायला जागा होती. एवढी जागा तिला आयुष्यात कोणी दिली नव्हती. "मले नाही आठवत," ती म्हणाली. "मले तिचा कान आठवते फक्त. चेहरा नाही आठवत, कारण मले बी तोच दिसते." तिनं भिंतीकडे हात केला. "तो माझा आहे. तेरवीनंतर बाबांनी मले मायच्या लुगड्यात बसवून काढून घेतला. घरात मायचा फोटो नव्हता, अन् तू रडून राहिला होता."

जागेश्वर हसला. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून हसायचा थांबला. तो आता पहिल्यांदा ताडून बघत होता. तिच्या नाकाजवळच्या रेघा, डोळे, जिवणी, एकेक करून, आणि प्रत्येक गोष्ट जुळत गेली तसा तो जास्त जास्त लहान होत गेला. कौसल्या जागची हलली नाही. प्रयोगाच्या वस्तूसारखी ती स्वतःला त्याच्यासमोर धरून बसली. जमिनीखालून वीजघराची घरघर येत होती.

"पुस्तकात?" त्यानं विचारलं. 

"उद्या सकाळी काकांकडे जाऊन तो ब्लॉक काढायला सांगते. मायचा एवढाच जाईल. रांगेतला. खाली नाव लिहीन."

"अन् तुहा?"

"माझा लागत नाही पुस्तकात."

तो काहीतरी बोलणार होता, पण मध्येच प्रेमिलाचा आवाज आला, घाबरलेला आणि रागावलेला. "अजी, उठा ना! काढा तो हार आधी! जित्या मानसाले हार घालून राहिलो आपन इतके वर्षं. मी रोज उदबत्ती लावते त्याच्यापुढं! ताई, तुमी बी काहून बोलल्या नाई वं बाई? काही झालं असतं म्हंजे?" ती पदरानं डोळे पुसत होती, आणि पिठाचे पांढरे ओरखडे तिच्या गालावर उठत होते.

जागेश्वर उठला. त्यानं स्टूल घेतलं नाही, त्याचा हात पोचत होता. दोन्ही हातांनी चंदनाचा हार त्यानं तसबिरीच्या वर उचलून काढला. काचेवर हाराखालची जागा तेवढी स्वच्छ निघाली, तिथं एकोणीस वर्षांच्या मुलीचा गळा होता आणि मागची काळी चादर. पुठ्ठा खाटेवर पडलेला होता. हार घेऊन तो त्याच्याकडे वळला, वाकून बघितलं. रांगेतली ती बाई त्याच्या अंगठ्याच्या नखाएवढी होती. हार तिच्यावर ठेवला असता तर नवरा-नवरीसकट सगळं वऱ्हाड त्याखाली झाकलं गेलं असतं. तो सरळ झाला. खोलीत एकदा सगळीकडे बघितलं. आणि मग हार तसाच दोन्ही हातांत धरून, तो कुठे ठेवावा हे न कळून, आपल्या ताईसमोर उभा राहिला.